दुसरा पेला

"दारू किती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"थेंबही नाही," बसड्रायव्हर म्हणाला.

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने छताकडे पाहिलं. चार महिने ती हेच ऐकत होती. डोळे पिवळेधमक, पोट टम्म फुगलेलं, आणि म्हणे थेंबही नाही! डेपोत रोज दारू तपासायच्या यंत्राच्या नळीत फुंकल्याशिवाय गाडी हातात मिळत नाही, हे त्याने शंभरदा सांगून पाहिलं होतं. तिचं आपलं एकच, त्या यंत्राला काय कळतंय? लिव्हर दारूनेच सुजतं, शेंबडं पोरही सांगेल.

"काही औषध चालू आहे?"

"नाही," दोघं एकदम म्हणाली. चला, एका गोष्टीवर तरी एकमत झालं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "औषधाचं राहू द्या. सकाळी उठल्यापासून पोटात काय काय जातं, तेवढं सांगा."

"आधी पाल्याचा काढा, मग चहा," बायको म्हणाली. "काढा म्हणजे औषध नाही हो, आपला घरच्या कुंडीतला. गेल्या वर्षी यांना खोकला झाला, तेव्हा शेजारणीने रोप दिलं. खोकला गेला, काढा राहिला. आता तर लिव्हर साफ व्हावं म्हणून मी एकाचे दोन पेले केलेत." दवाखान्यात ठेवून घेतलं तर खंड नको, म्हणून तिने मूठभर पाला पिशवीतून आणलाही होता.

बाईंनी पानांचा फोटो काढून कुणा जाणकाराला पाठवला आणि दोघांना बाहेर बसायला सांगितलं. तासाभराने परत बोलावलं.

"दारू नाही, हा पाला आहे," त्या म्हणाल्या. "यातलं द्रव्य मुळात तितकंसं विषारी नसतं. लिव्हर ते साफ करायला घेतं आणि साफ करता करता स्वतःच त्याचं विष करून बसतं. मग लिव्हरमधल्याच बारीक रक्तवाहिन्या बुजतात, रक्त तुंबतं, पोटात पाणी साठतं. आजपासून एक घोटही नको. लिव्हर सावरतं, पण यांचं किती सावरेल, ते आत्ताच नाही सांगता येणार."

बायको बाहेरच्या बाकावर येऊन बसली. चार महिने ती त्याला नाही नाही ते बोलली होती. त्याच्या शर्टांचे वास घेतले होते, डबा हुंगला होता. आणि रोज सकाळी समोर उभं राहून पेला तेवढा रिकामा करून घेतला होता. तिला रडूच फुटलं.

"इतकं कडूजहर! एकदा तरी नको म्हणायचं होतंत."

"म्हणणार होतो गं," तो म्हणाला. "पण लिव्हर साफ करायला नको म्हटलं असतं, तर मी पितो अशी तुझी खात्रीच पटली असती."