नागपूरची फाइल

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात मुंबईच्या हेड ऑफिसातून कॉम्प्युटरची नवी टेप आली आणि नागपूरच्या गिरणीतली सकाळची पाळी पुन्हा आठ ते चार झाली. इथल्या उन्हासाठी पहाटे साडेपाचची वेळ एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिलेली होती. मुंबईच्या मूळ फाइलच्या शेवटी ती जोडणारी एक ओळ असायची, आणि कॉम्प्युटर शेवटी वाचलेली वेळच खरी धरायचा. नव्या टेपवर ती ओळच नव्हती.

गिरणीची कॉम्प्युटर ऑपरेटर प्रमिला मेश्रामने साहेबांना सांगितलं.

"मुंबईला कळवलंय," ते म्हणाले. "तोवर मूळ फाइलला हात लावायचा नाही. नोकरी जाईल."

प्रमिलाचे वडील त्याच गिरणीत बॉयलरवर होते. आठवड्याभरातच ते घरी येऊन न जेवता पडून राहू लागले.

"बाबा, मीच घालू का ती ओळ?" तिनं विचारलं.

"नको वं. आपल्या घरातली पहिली खुर्चीवरची नोकरी हाये तुही. मले उन्हाचं काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बॉयलरसमोरच कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

कामावर परतल्यावर प्रमिला सरळ कॉम्प्युटरपुढे बसली. मूळ फाइलच्या शेवटी तिनं ती ओळ टाइप केली आणि साहेबांच्या बोलावण्याची वाट पाहत राहिली.

पाळी साडेपाचची झाली. उन्हाळा सरला, पावसाळाही सरला. ती ओळ कोणी घातली, हे तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.