गप्प पत्ते

“वापरात दिसत नाही म्हणून कुठलाही इंटरनेट पत्ता उचलायचा नाही. आधी मालक कोण ते बघायचं,” टिळेकर सर नेटवर्क सांभाळायला आलेल्या नव्या मंडळींना सांगत होते. दर वर्गाला ते आपलीच चूक शिकवत. वर्षभर गप्प असलेले काही पत्ते त्यांनी इंटरनेटवर चालणाऱ्या जाहिरातफलकांना देऊन टाकले होते. हृदयरोग्यांच्या छातीत बसवलेली यंत्रं संकटात मदतीची हाक मारत, ती याच पत्त्यांवर. माणसं ठणठणीत होती, म्हणून पत्ते गप्प होते.

“मग एक हाक भलतीकडे गेली,” एवढं म्हणून सर नेहमीसारखे पुढे निघाले.

मुक्ता सोनटक्के उभी राहिली. “सर, ती हाक माझ्या आईची होती. आई गेली तेव्हा शेजारीण भिंतीपलीकडेच होती. आईने तिला का बोलावलं नाही?”

सरांनी मान खाली घातली. “फलकाने यंत्राला ‘पोचलं’ असं उत्तर दिलं. यंत्राने तसा इशारा दिला, म्हणून आईंना वाटलं, मदत निघाली.”

“सहा वर्षं आम्ही आईलाच बोल लावतोय.”

“फलकाचं ते उत्तर मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” सर म्हणाले.