घूंऽऽ करणारे पिकअप

निवृत्त तहसीलदार रामदास गायकवाडांनी, अर्ज सादर करावा तशी मुलाची इलेक्ट्रिक गिटार काउंटरवर ठेवली. तिचे पिकअप, म्हणजे तारांखाली बसवलेले आवाज पकडणारे भाग, गेले होते.

"काका, हे नवे बसवा," दुकानदार रणजित म्हणाला. "अँप्लिफायरला जोडल्यावर नुसतंच घूंऽऽ होतं ना, ते साफ बंद."

"घूंऽऽ करणारेच द्या."

"अहो, लोक ते घालवायला माझ्याकडे येतात! वाजवतं कोण?"

"कोणी नाही. अभय दहा वर्षं अमेरिकेत आहे. त्याची आई हल्ली ते विसरते. 'तो हिंजवडीच्या ऑफिसातून आल्याशिवाय मी जेवणार नाही' म्हणून बसून राहते."

रणजितने नवे पिकअप परत डब्यात ठेवले.



"मग मी त्याच्या खोलीत गिटार नुसती जोडून ठेवतो. घूंऽऽ ऐकलं, की 'आला वाटतं' म्हणते आणि दोन घास खाते."