तपकिरी कोट

मिस्सा संपल्यावर चर्चच्या हॉलमध्ये सेवा मंडळाचं जुने कपडे वाटप सुरू झालं. देव न विचारता देतो, मंडळ मात्र आधी फॉर्म भरून घेतं. अध्यक्षबाई सकाळपासून इतक्या पुण्यकर्मात बुडाल्या होत्या की त्यांना मान वर करायलाही फुरसत नव्हती.

रांगेतला एक म्हातारा पुढे आला आणि त्याने ढिगातला तपकिरी कोट घट्ट धरला.

"घरी कोण कोण असतं?" बाईंनी फॉर्मवरची नजर न काढता विचारलं.

"मी आणि बायको."

"मग ती तुमच्या कपड्यालत्त्याचं काही बघत नाही का?"



"बघते की! कालच माझं अख्खं कपाट साफ केलं, आणि आज इथे फॉर्म भरत बसलीय."