शेवटची लेव्हल

स्टेजवर गाणाऱ्या-नाचणाऱ्या आमच्या मुलींच्या ग्रुपमध्ये मी सगळ्यात लहान. ग्रुपचा मॅनेजर सांगतो तो गाण्याचा-नाचाचा सराव घरी आई माझ्याकडून करून घेते. झेपत नाही म्हणून तिला सांगून झालं, रडून झालं. शेवटी मी तिच्या फोनवर एक गेम डाउनलोड करून दिला. त्यात माझ्यासारखीच एक स्टार पोरगी आहे. तिचा मॅनेजर तिला उपाशी ठेवतो, सुजलेल्या पायांवर नाचवतो, हसू टिकावं म्हणून दातांत पेन्सिल धरायला लावतो. आपण तिला त्याच्या तावडीतून सोडवायचं.

आईला गेमचं वेडच लागलं. "अरे मेल्या, लेकराला दोन घास तरी खाऊ दे!" ती फोनवर खेकसायची, आणि मी समोर बसून उकडलेल्या भाजीची अर्धी वाटी संपवायचे. "पाय बघ तिचे, जरा टेकू दे की!" असं ती म्हणायची, तेव्हा मी दातांत पेन्सिल धरून आरशासमोर गिरक्या घेत असायचे.

आज तिने त्या पोरीला सोडवलं. पोरगी स्टेजवरून उतरून अनवाणीच चालू लागली आणि आई ढसाढसा रडली. म्हटलं, पेटली एकदाची ट्यूब! मी तोंडातली पेन्सिल काढली आणि सुजलेला पाय धरून खाली बसले. आईने मला घट्ट जवळ घेतलं.

"त्या बिचारीला आई नव्हती गं, म्हणून तिचे असे हाल झाले. तुला मी आहे ना!"

मग तिने पेन्सिल पुसून माझ्या हातात दिली.

"चल, ऊठ. पहिल्यापासून."