बरणीतलं कलम

सकाळी सात वाजता वरूडच्या रोपवाटिकेत पार्बताबाईंनी संत्र्याच्या कलमाची पिशवी फाडली, तर मुळं धुतल्यासारखी स्वच्छ निघाली. त्यांनी मुळांना लावलेली बुरशी, कलमाला पोसणारे ते पांढरे तंतू, नाहीसे झाले होते. वाटेपलीकडे पुतण्या शेखरने आपल्या कलमांना दुसऱ्या जातीची बुरशी लावली होती. त्याच्या कलमांची मुळं मात्र कापूस गुंडाळल्यासारखी पांढरी होती.

"माही कलमं मारून तुही विकून राहिला काय रे?" पार्बताबाई कडाडल्या. "काय टाकलं माह्या पिशव्याइत?"

"देवाची आन, काकू, मी हात नाही लावला. मधात गाडीवाट आहे ना!"

त्यांच्याकडे तंतू शिल्लक असलेलं एकच कलम उरलं होतं. ते त्यांनी लोणच्याच्या काचेच्या बरणीत लावलं आणि तडक अमरावतीला, राजापेठेत लेकीकडे नेलं. इथे कोण हात लावतो, तेच त्यांना पाहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे तंतू बरणीच्या एका बाजूला दाटले होते. वरूडकडची बाजू रिकामी होती. लेकीने बरणी फिरवून ठेवली. संध्याकाळपर्यंत वरूडकडची बाजू पुन्हा रिकामी झाली.

पार्बताबाईंनी शेखरला फोन लावला. "जाळून टाक तुही कलमं!"

"दुपारीच जाळली," शेखर चिडून म्हणाला. "तुमचं बोलणं लागलं मले. सारी राख वाऱ्यावर गेली, काकू."

त्यांनी बरणीकडे पाहिलं. तंतू आता कोणत्याच बाजूच्या काचेला टेकलेले नव्हते. चहूकडून मागे सरून ते खोडाशी गोळा झाले होते.