भिंतीवरचा निळा पट्टा

धूळ पुसता पुसता सुनेची नजर भिंतीवरच्या स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर गेली आणि हातातलं फडकं जागीच थांबलं. ‘मागच्या वर्षीचा हाच महिना, आजच्या तारखेपर्यंत’ असं तिथे लिहिलं होतं.

मागे शिलाई मशीनं धडधडत होती. बायकांची थट्टामस्करी रंगात आली होती. एरवी तोंडातून शब्द काढायला महाग असलेले कापड कापणारे मास्तर चक्क शीळ घालत होते. बहिणीचं बाळंतपण उरकून सून आजच परतली होती. कापडी पिशव्यांचा हा कारखाना सासूबाईंचा. ती माहेरी निघाली तेव्हा इथे कुणी मान वर करून बोलत नव्हतं. सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक तुटलं होतं. या महिन्यात विक्री गेल्या वर्षीइतकी झाली नाही, तर मागची खोली सोडायची आणि तिथल्या चौघींना निरोप द्यायचा, असं सासूबाईंनी सांगून टाकलं होतं.

आज महिनाअखेर होती.

स्क्रीन सुनेनंच बसवला होता. विकलेल्या पिशव्यांचा निळा पट्टा त्यावर रोज वाढत जाई. ज्याला जो काळ बघायचा तो बघता यावा म्हणून तिनं खाली बटणंही दिली होती: हा आठवडा, हा महिना, मागचं वर्ष. सासूबाईंनी तेव्हा नाक मुरडलं होतं. त्या डबड्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, असं त्या चारचौघांत सांगत.

कुणाचा तरी धक्का लागला असणार. इतके दिवस सगळ्याजणी गेल्या वर्षीचा पट्टा बघून खूश होत होत्या. मास्तर आकडे मोबाइलवरून भरत, पण भिंतीकडे बघायला चष्मा लावायचा त्यांना आळस. पट्टा चढतोय म्हणताना एकीनं हुरूप येऊन शेजारच्या वाचनालयात पिशव्या नेऊन दाखवल्या होत्या. मास्तरांनी उरल्यासुरल्या तुकड्यांतून बाटलीच्या कप्प्याची नवी पिशवी काढली होती. मागच्या खोलीतली एकजण दुसरीकडे काम शोधत होती, तिनंही तो नाद सोडला होता.

आता या सगळ्यांच्या आनंदावर पाणी ओतायचं काम तिच्याच नशिबी आलं. डोळे मिटून तिनं ‘हा महिना’ दाबलं.

“अगंबाई,” मागून कुणीतरी म्हणालं, “आणखी वाढला की.”

तिनं डोळे उघडले. पट्टा आधीपेक्षा वीतभर वर गेला होता. विश्वास बसेना म्हणून तिनं बटणं उलटसुलट दाबून पाहिली. मग वळून सगळा घोटाळा सांगितला. त्यावर जो हशा उठला त्यात मागच्या खोलीतल्या चौघींचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, मुळात बटण दाबलं कुणी?

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोपऱ्यातल्या मशीनवर सासूबाईंनी दातानं दोरा तोडला.

“पुढच्या वर्षाचं बटण सापडलं नाही,” मान वर न करता त्या म्हणाल्या, “म्हणून मागच्या वर्षाचं दाबलं.”